सुलतानाच्या छातीत मी वाजते

मी झडप बोलतेय. दाराची नाही, खिडकीची नाही, हृदयातली. पौडच्या बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान असलेल्या सुलताना मणेरच्या छातीत, डाव्या अंगाला, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरतं त्या वाटेवर मी बसले आहे. डॉक्टर मला व्हॉल्व्ह म्हणतात, सुलतानाचा नवरा नबीलाल 'वॉल' म्हणतो. रक्ताला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. मी उघडते, मी मिटते. मिटताना माझा टिक् असा आवाज होतो. तो मला थांबवता येत नाही.

मला डोळे नाहीत. इथे सांगते आहे ते सगळं मी ऐकलेलं आहे, किंवा रक्ताच्या वेगावरून ओळखलेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या गावात ते ठाऊक नाही, कारण तिथली माणसं कामाच्या वेळी फारशी बोलत नसत. कठीण कार्बनच्या दोन पाकळ्या, त्यांना धरणारं कडं आणि टाके घालता यावेत म्हणून कड्याभोवती शिवलेलं कापड, एवढाच माझा देह. मला पाण्यात बसवून कितीतरी वेळा उघडमीट करून पाहिलं. मी एकदाही अडले नाही. "ही जन्मभर पुरेल कुणाला तरी," असं कुणीसं म्हणालं आणि मला डबीत बंद केलं. अंधारात पडल्या पडल्या मी विचार करायची, ज्याच्या छातीत मी जाईन त्याला केवढा आनंद होईल!

इकडे सुलतानाला दम लागत होता. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, तो उतरला पण तिच्या हृदयातली मूळची झडप आखडून गेली. चाळिशी आली तेव्हा तिला एका दमात वाक्यसुद्धा पुरं करता येईना. आणि बोलणं हा तर तिच्या धंद्याचा अर्धा भाग. बांगड्या भरताना ती गिऱ्हाइकाचा हात डाव्या हातात धरून हळूहळू दाबत राहायची, सासरमाहेरचं विचारायची, आणि बाई उत्तर देण्यात गुंतली की बांगडी हाडावरून कधी सरकली ते तिला कळायचंही नाही. मुठ्यापासून उरवड्यापर्यंत गावोगावच्या लग्नघरांतून तिला बोलावणं यायचं. नवरीचा हिरवा चुडा सुलतानाभाभीनेच भरायचा, असं ठरून गेलं होतं.

पुण्याच्या दवाखान्यात सर्जनने तिला माझ्यासारखीच एक झडप दाखवली होती. "एवढीशी? ही तर भावलीची बांगडी हाय," ती म्हणाली आणि सगळे हसले. हे मला नंतर कळलं, कारण नबीलाल भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचा.

मग तिची छाती उघडली, हृदय थांबवलं, आखडलेली झडप काढून तिथे मला टाके घालून बसवलं. हृदय पुन्हा सुरू झालं आणि मी पहिल्यांदा खऱ्या, ऊन रक्तात उघडले. ते सुख मला सांगता येत नाही.

सुलताना शुद्धीवर आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य मी ऐकलं.

"सिस्टर, त्ये घड्याळ जरा लांब ठिवा वं."

"कुठलं घड्याळ?"

"वाजतंय की हितंच."

सिस्टर हसली. "घड्याळ नाही हो ते. तुमचाच व्हॉल्व्ह आहे. आता जन्माची सोबत!"

 माझ्याभोवतालचं सुलतानाचं रक्त एकदम धावायला लागलं. ती घाबरली की मला भरभर मिटावं लागतं. मी भरभर वाजले, ते ऐकून ती आणखी घाबरली, आणि मी आणखी वाजले. आमची दोघींची ओळख अशी झाली.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. "नवा जन्म झाला भाभी तुमचा." "पुण्याई म्हणायची." "आता काय, आता पळा!" प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि सुलताना "व्हय, व्हय" म्हणायची. येणाऱ्यांची पोरं तिच्याजवळ सरकायची. "मावशी, ऐकू दे ना." ती ऐकू द्यायची. पोरं खिदळत पळून गेली की तिचा श्वास अडखळायचा. छातीचं हाड अजून जुळत होतं, हुंदका आला की ते दुखायचं, म्हणून ती उशी छातीशी धरून आवाज न करता रडायची. का रडते ते तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

नबीलालच्या जिवाची नुसती घालमेल. तो वाईट माणूस नाही. "घागर उचलू नको." "भांडी ऱ्हाऊ दे, साजिदा घाशील." "जिना चढू नको." दिवसभर त्याचं हेच. साजिदा त्यांची मुलगी, कॉलेजात जाते. आईला वेळेवर गोळ्या देणं तिच्याकडे होतं. त्यातली एक रक्त पातळ ठेवायची. ती माझ्यासाठी. शरीर मला परकीच समजतं, तेव्हा रक्त माझ्या अंगावर साखळू नये म्हणून ती रोज हवी, सुटता कामा नये, असं दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

घरात सतत टीव्ही लावलेला असायचा. कुणी पाहत नसायचं. मी ऐकू येऊ नये म्हणून सुलतानाच तो लावायची. नमाजाला मात्र तो बंद करावा लागे. छातीमुळे ती खुर्चीवर बसून नमाज पढायची, आणि घर शांत झालं की तिच्या पुटपुटण्याच्या मधून मी वाजायची. एकदा ती मधेच थांबली. "कुटं व्हते मी?" ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबली. मी मिटले नसते तर ती मेली असती, आणि मिटत होते म्हणून तिला दुवा पुरी करता येत नव्हती. मी काय करायला हवं होतं?

तपासणीला गेलं की माझं कौतुक व्हायचं. छातीवर गार जेली लावून यंत्र फिरवायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "वा! व्हॉल्व्ह एकदम उत्तम चाललाय." नबीलाल खूश. "काही त्रास?" डॉक्टर विचारायचे. सुलताना बोलायला श्वास घ्यायची, तो श्वास मला खाली कळायचा, पण तेवढ्यात नबीलाल म्हणायचा, "कायबी न्हाई सायेब, एकदम फसकलास." घेतलेला श्वास ती तसाच सोडून द्यायची. चौकशी सगळी माझी व्हायची. तिची कुणी केलीच नाही. मला लाज वाटायची, पण लाजून मी करणार काय, टिक् करणार.

हाड जुळल्यावर ती हट्टाने दुकानात जाऊ लागली. शेजारी हेमलताचं ब्युटी पार्लर आहे. दोघींची जुनी मैत्री. दुकानात मात्र सुलताना गिऱ्हाइकाशी पूर्वीसारखी बोलेना. ती गप्प बसली की मी ऐकू यायची, बायका दचकायच्या, "काय वाजतंय वं?" म्हणायच्या, आणि मग बांगड्या राहायच्या बाजूला, ऑपरेशनचीच गोष्ट.

अशातच मुठ्याहून चुड्याचं बोलावणं आलं. नबीलाल नको म्हणत होता. सुलताना म्हणाली, "त्या पोरीच्या आईचा चुडा बी मीच भरलाय. मी जानार." त्या सकाळी तिचं रक्त असं काही वाहत होतं की मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

लग्नघरात बायकांचा कलकलाट चालला होता, त्यात मी कुणाला ऐकूही येत नव्हते. सुलताना नवरीला विचारत होती, "नवरा हिंजवडीला हाय म्हनं? मग तुला तितंच जवळ जांब्याला खोली घेतली का?" नवरी लाजून काहीतरी म्हणाली, आणि कट् झालं. बांगडी वाढली. त्यात विशेष काही नव्हतं, चुडा भरताना एखादी वाढतेच. पण काच सुलतानाच्या अंगठ्यात गेली. पूर्वी तिने बोट तोंडात घातलं असतं आणि पुढची बांगडी उचलली असती. आता रक्त थांबेना. पदर धरला, तो भिजला. कुणी हळद आणली.

"अगं, नवरीच्या साडीवर बघ!" कुणीतरी ओरडलं.

एक म्हातारी म्हणाली, "चुड्याच्या टायमाला रगत सांडलं. बरं न्हाई ह्ये."

सगळ्या गप्प झाल्या. आणि त्या शांततेत, सुलतानाच्या छातीतून, मी वाजत होते. भरभर, मोठ्याने. नवरीची आई हलक्या आवाजात म्हणाली, "भाभी, तुमी बसा जरा भाईर. आमी पिरंगुटाहून कुनाला तरी बोलवतो."

 घरी नबीलालने पट्टी बघितली आणि म्हणाला, "बास झालं. आता दुकानात यायचं न्हाई. घरात आराम कर रानीवानी."

"व्हय," ती म्हणाली.

त्यानंतरच्या दिवसांत रक्ताची चव बदलायला लागली. मला आधी समजलं नाही. साजिदा गोळी द्यायची, सुलताना पाणी प्यायची, मग मोरीकडे जायची, चूळ भरल्याचा आवाज यायचा. गोळी पोटात पोचतच नव्हती. तिला मरायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मरायचं असेल त्याच्या रक्ताला मी ओळखलं असतं. तिने आपल्या मनाशी हिशोब मांडला होता : गोळीने रक्त पातळ होतं, पातळ रक्त थांबत नाही, न थांबणाऱ्या रक्ताने दुकान गेलं. म्हणून गोळी नको. रक्त तपासायची वेळ आली तेव्हा, "पुढच्या आठवड्यात जाऊ, मला कंटाळा आलाय," म्हणाली. नबीलालने मानलं. ती मागत होती ते सगळं तो देत होता.

माझ्या एका पाकळीच्या बिजागरीत काहीतरी चिकटलं. मऊ, जाळीसारखं. मी जोराने मिटून ते झटकायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी बसलं. माझा आवाज बोदा झाला, कापडात गुंडाळल्यासारखा. मग बारीक झाला. मग जवळजवळ नाहीसाच.

आणि सुलताना आनंदली.

आधी तिने टीव्ही बंद केला. घर शांत होतं आणि ती त्या शांततेत बसून राहिली. मग तिने नमाज पढला, पुरा, न अडखळता, आणि शेवटी हात पसरून कितीतरी वेळ अल्लाचे आभार मानत होती. माझ्या जाण्याबद्दल! स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. ती नबीलालला न जुमानता दुकानात गेली. हेमलताला हाक मारून म्हणाली, "हेमा, हितं कान लाव. ऐकू येतंय काय?"

हेमलताने कान लावला. तिचा गाल मला हाडापलीकडे जाणवला. मी होता नव्हता तो जोर लावला.

"कायपन नाही गं!"

"बंद झालं वाजायचं. आतलं सगळं आता माझंच झालं बघ."

"पेढे पायजेत भाभी," हेमलता म्हणाली, आणि दोघी हसल्या. किती दिवसांनी! मी तिच्या छातीत बसल्यापासून तिला इतकं सुखात कधी ऐकलं नव्हतं. तिच्या त्या सुखात मी गुदमरत होते, माझ्यामागे ती गुदमरणार होती, आणि सांगायला माझ्याकडे जी एकच गोष्ट होती, तो आवाजच गेला होता.

दम पुन्हा लागू लागला. जिना चढताना, मग चालताना. तिने तो लपवला. खोकला आला तर, "धूळ लई हाय बाजारात," म्हणायची.

एका दुपारी वीज गेली. नबीलाल आणि ती जेवायला बसली होती. पंखा थांबला. नबीलालचं चावणं थांबलं.

"सुलताना, तुझं ऐकू येईना."

"काय?"

"वॉल. वाजंना की."

"बरं हाय न्हवं? बसला असंल जागेवर."

तो उठला, भाकरीच्या हाताने तिला धरलं आणि तिच्या पाठीला कान लावला. "रोज येतो आवाज. मी रोज ऐकतो. त्यो आला की मला घास जातो," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "गोळी घेतीस ना? खरं सांग."

तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "न्हाई."

"काऽ?"

"मला इचारता? आज इचारता?" सुलतानाला धाप लागत होती तरी ती बोलत राहिली. "पानी उचलू नको, जिना चढू नको. सगळं सांगितलं. तुला कसं वाटतंय, त्ये कदी इचारलं? डाक्टर माझ्याकडं बघून इचारतो, उत्तर तुमी देता. फसकलास! मला रडू येतं अवो. उठल्यापास्नं येतं. सगळी म्हनत्यात नवा जन्म झाला, मग मी रडू कशी? कुनाला सांगू?"

"मला सांगायचं."

"तुमी भ्याला असता."

"मी रोजच भितोय," नबीलाल म्हणाला.

दोघं तशीच बसून राहिली. मी आतून ओरडत होते, आता बोलू नका, उठा!

शेजारच्याची गाडी मिळाली, साजिदाला घेऊन पुण्याकडे निघालो. पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत ठीक होतं. भूगावला गाड्यांची रांग लागलेली. हॉर्न, धूर, कुणी हलेना. सुलतानाचं डोकं साजिदाच्या खांद्यावर होतं, रक्त माझ्यापाशी तुंबून धडका देत होतं. अशीच एक धडक बसली आणि माझ्यावर साखळलेल्यातला एक कण सुटला. अगदी बारीक. तो मला सुटताना कळला. मी मिटायच्या आत तो निघाला, खालच्या कप्प्यात गेला, तिथून वर, मोठ्या नळीतून, मानेकडे आणि मेंदूत. रक्ताला मागे येऊ द्यायचं नाही हेच तर मला शिकवलेलं. पुढे गेलेलं मला परत बोलावता येत नाही.

"साजिदा," सुलताना म्हणाली, तिची जीभ जड झाली होती, "माझा हात कुटं गेला?"

"हा काय अम्मी, मी धरलाय."

"न्हाई. ह्यो माझा न्हाई."

दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ आपसात बोलले. मग धोका पत्करून त्यांनी सलाइनमधून गाठ विरघळवणारं औषध थेंब थेंब सोडलं. माझी पाकळी हळूहळू मोकळी झाली. मी पुन्हा वाजले. नबीलाल पलंगाजवळ होता. त्याने माझा आवाज ऐकला आणि ओक्साबोक्शी रडला. सुलतानानेही ऐकला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं असावं, कारण उशीची खसफस झाली.

जीभ सुधारली. डावा हात अधूच राहिला. ज्या हाताने ती बायकांचे हात धरून दाबायची, तो.

मेधा नावाची एक तरुण डॉक्टर तिथे होती. तिने एकदा नबीलालला बाहेर बसायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "व्हॉल्व्हचं राहू द्या. तुम्ही कशा आहात?" सुलतानाने उत्तर द्यायला श्वास घेतला. मधे बोलणारं कुणी नव्हतं. तरी शब्द आलेच नाहीत, रडणंच आलं. मेधा थांबली. मग म्हणाली, "ऑपरेशननंतर असं खूप जणांचं होतं. त्यावरही उपचार आहेत. तुम्हाला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं." आता मनासाठीही औषध सुरू आहे, आणि मधून मधून पुण्याला बोलायला जायचं. काही दिवस बरे जातात. काही दिवस ती अंथरुणातून उठतच नाही, आणि मी तिथे, अंधारात, आपलं वाजत राहते.

दुकानात आता नबीलाल बांगड्या भरतो. सुलताना स्टुलावर बसते, गिऱ्हाइकाशी बोलते, डाव्या हाताने मऊ चेंडू दाबत राहते. बोटं पुरती मिटत नाहीत.

परवा उरवड्याहून एक बाई आली. बांगड्या घ्यायला नाही. तिचं असंच ऑपरेशन ठरलंय. कुणीतरी तिला सुलतानाचं नाव सांगितलं होतं. नबीलाल तोंड उघडणार होता, पण थांबला. "मी च्या सांगून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

"लई दुकतं का वं?" बाईने विचारलं.

"दुकायचं कमी हुतं," सुलताना म्हणाली. "पन वाजतं. आन रडू येतं. घरातली म्हनतील, आता काय झालं रडायला. त्यांना म्हनायचं, मला बी ठावं न्हाई, पन येतंय. गोळी सोडायची न्हाई. कायबी झालं तरी. ह्यो हात बघ माझा."

बाई गप्प झाली. त्या शांततेत ती मला ऐकत होती, हे मला कळलं.

"सवय हुती का त्याची?"

सुलतानाने चेंडू पुन्हा दाबायला घेतला. मी वाजत होते. मला फार वाटत होतं की तिने हो म्हणावं.

"माझी न्हाई झाली अजून," ती म्हणाली.

वाचकहो, मी एवढं बोलले, त्यातलं एक अक्षरही सुलतानापर्यंत पोचणार नाही. तिला माझा फक्त खटका ऐकू येतो. ती जगेल तोवर मी वाजेन, आणि मी वाजले की तिला आठवेल की आपण मरू शकतो. यावर माझ्याकडे काही इलाज नाही. पण तुमच्या घरी, शेजारी असं कुणी दवाखान्यातून परत आलेलं असेल, तर माझी चौकशी करू नका. मी ठीक असते. त्या माणसाला विचारा, आणि ते "बरं आहे" म्हणालं, तरी लगेच उठू नका.